थेट तिसऱ्या वर्षात

बार्शीच्या कॉलेजात माझी आहारशास्त्राच्या पदविकेची दोन वर्षं पूर्ण झाली आणि त्याच उन्हाळ्यात नवऱ्यानं सोलापुरात, भवानी पेठेत टॉवेलचं दुकान घेतलं. बिऱ्हाड हलवायचं काम मी नेहमीप्रमाणे यादी करून उरकलं. गॅस, धाकटीची शाळा, दूधवाला. एकच ओळ टिक न होता राहिली. विद्यापीठ माझी दोन वर्षं धरणार की नाही? धरली तर पदवीच्या थेट तिसऱ्या वर्षात प्रवेश. नाहीतर चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पहिलं वर्ष, आणि तसं मी बसणार नाही हे घरात सांगून टाकलं होतं.

कागदांत मी कमी पडत नाही. गुणपत्रिका, दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम, प्रॅक्टिकलच्या तासांचा दाखला, सगळं चिठ्ठ्या लावून फायलीत. विभागप्रमुख मॅडमनी पान न् पान पाहिलं. रसायनशास्त्र, शरीरशास्त्र, स्वयंपाकाची प्रॅक्टिकल्स, सगळ्यांचे क्रेडिट धरले. फील्डवर्कपाशी पेन थांबलं.

"आमच्याकडे हे हॉस्पिटलमध्ये होतं. तुम्ही मंद्रूपच्या बाजारात केलंय?"

"माझं माहेर आहे ते. आठवडी बाजारात आम्ही वर्गातल्या चौघी टेबल टाकून बसायचो. शेळ्या-मेंढ्या विकायला आलेली माणसं आमच्याशी बोलायची."

"बाजारात गर्दी जमते हो," शेजारच्या खुर्चीतले सर म्हणाले, "पण आहाराचा सल्ला देता येतो का? या क्रेडिटशिवाय तिसरं वर्ष देता येणार नाही."

"मग आत्ताच बघा की. द्या मला एखादा पेशंट."

मॅडमनी चष्मा काढला, पदर डोक्यावर घेतला आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या. "मी मेंढपाळाची बायकू. साकर लई वाढलीया. भाकरी सोड म्हनशील, तर उटून जाईन बग!"

सर हसायला लागले. मला हसायला सवड नव्हती.

"भाकरी सोडायची न्हाय, मावशी. खाता किती, ते सांगा."

"दोन. दुपारी दोन, रातच्याला दोन."

"आन् आग्रहाची?"

"ती कशाला धरायची? सुनंनं ताटात टाकली, मी काय मागितली व्हय?" मॅडम बोलून गेल्या आणि स्वतःच थांबल्या.

आमच्याकडे मागून घेतलेली भाकरी मोजतात. कुणी 'घ्या की अजून' म्हणत वाढलेली मोजत नाहीत. मंद्रूपच्या पहिल्या बाजारी आम्ही मुकाट्यानं सगळ्यांच्या दोन-दोन लिहून घेत होतो. शेवटी एका मेंढपाळाची बायको पदर तोंडाला लावून हसली. "म्या आग्रहानं वाढलेल्या धरतच न्हाईत की हे! तुमी बी त्यांचंच ऐकताय व्हय!" आमचा सगळा हिशेब चुकला होता. पुढच्या बाजारापासून आम्ही प्रश्न बदलला.

"मग उपाय काय?" सरांनी विचारलं.

"सुनेला बोलवून घ्यायचं. आग्रह बंद कर म्हटलं तर ती ऐकणार नाही, सासूला उपाशी ठेवल्यासारखं वाटेल तिला. म्हणून आग्रह कर, पण मेथीच्या भाजीचा, काकडीचा, असं सांगायचं."

मॅडमनी पाय खाली घेतले, चष्मा लावला. "हॉस्पिटलात पेशंट एकटा येतो, सर. यांनी अख्खं घर बघितलंय." आणि फील्डवर्कचे क्रेडिट धरून सही केली. सरांनी खाली दुसरी सही ठोकली.

जिन्यातूनच मी नवऱ्याला फोन लावला. "अहो, तिसऱ्या वर्षात!"

"मग पेढे आणू?"

"आणा की, किलोभर. विभागात वाटायचेत."

"आहारशास्त्राच्या विभागात पेढे?"

"आज सगळ्यांना माफ!"

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले. दारातली एक मुलगी अदबीनं म्हणाली, "काकू, पालकसभा उद्या आहे."

"असू दे गं," म्हटलं आणि पहिल्या बाकावर दप्तर ठेवलं.