बंद केलेली बाजू

आमचा दादा रडारवाला. शत्रू रडारवर मुद्दाम गोंगाट सोडतो; तो पुसून खाली दडलेलं विमान दाखवायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. स्वभावाने इतका घुमा, की लग्नाच्या वयात आलेली स्थळं त्याच्याशी बोलून बोलून दमली आणि निघून गेली.

त्याची युक्ती त्याने मला एकदाच समजावली होती. मोठ्या अँटेनाशेजारी छोट्या अँटेना लावायच्या. गोंगाट कुठून येतो ते त्यांच्याकडून कळलं, की रडारचा त्या बाजूचा कान बंद करायचा. बाकी सगळीकडचं लख्ख दिसतं. मी विचारलं, आणि विमान त्याच बाजूने आलं तर?

"म्हणून तर मधूनमधून तो कान उघडून बघायचा," तो म्हणाला. "नवशिके नेमकं हेच विसरतात."

कमरेचं हाड मोडल्यापासून आई मागच्या खोलीत पडून असे आणि दिवसभर हाका मारी. आधी पाण्यासाठी, उशीसाठी, मग नुसत्याच. दादा सुरुवातीला प्रत्येक हाकेला उठायचा. ती म्हणायची, काही नाही रे, आहेस ना ते बघितलं. पुढे त्याने कानाडोळा सुरू केला. मी फोनवर त्याला फैलावर घ्यायचे. माझ्या घरी बसून उपदेश करायला माझं काय जात होतं म्हणा.

एका सुट्टीच्या दुपारी मी गेले, तेव्हा तो टेबलावर चाचणीचे आलेख पसरून बसला होता. घर फार शांत वाटलं. आईला झोप लागली का, मी विचारलं.

"कुठली झोप," त्याने मान वर न करता सांगितलं. "हाका चालूच आहेत की."

हाका चालू नव्हत्या. मी आत धावले. आई खाटेवरून उतरून दारापर्यंत सरपटत आली होती आणि तिथेच संपली होती. अंग गार पडलं होतं. वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या आणि म्हणाल्या, सकाळी त्यांचा आवाज रोजच्यासारखा नव्हता हो. दादाने ते ऐकलं आणि आईचं डोकं मांडीवर घेतलं.

मला त्याची कीव यायला हवी, पण माझा राग अजून जात नाही. यंत्राला शिकवलेली अक्कल आईच्या वाट्याला का आली नाही, हे एकदा त्याला विचारायचं म्हणून मी परवा गेले होते. तो टेबलाशी काम करत होता. थोड्या वेळाने पेन ठेवून उठला, मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला, रिकाम्या खाटेकडे बघितलं आणि परत येऊन बसला. पुन्हा थोड्या वेळाने उठला. मी काही न विचारता घरी आले.