कापसातली गाडी

ताईची गाडी मी एक अख्खा हिवाळा सांभाळली, असं आमच्या गावात सगळे समजतात. खरं काय झालं ते ताईला, माझ्या बायकोला आणि मला ठाऊक आहे. मी कमी बोलणारा माणूस. कमी बोलणारा म्हणजे सरळ, असं लोक धरून चालतात, आणि मीही ते कधी खोडून काढलं नाही. आता मात्र लिहून टाकतो.

आमचं गाव साखरखेर्ड्याजवळ. तिथल्या शाळेत मी शिकवतो आणि घरची शेती पाहतो. ताई माझ्याहून बरीच मोठी. तिची सगळी नोकरी शेगावला नर्स म्हणून झाली. भाऊजी लवकर गेले, मुलगी लग्न होऊन संभाजीनगरला गेली. निवृत्त झाल्यावर ताई गावात परत आली आणि आमच्या घराला लागून दोन खोल्या बांधून राहू लागली. पुढच्याच वर्षी तिनं गाडी घेतली. लहान, लाल, एका डॉक्टरीणबाईंनी बरीच वर्षं वापरलेली. त्याआधी मेहकरला जाऊन ती चालवायला शिकली होती, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

गाडी कशाला हवी, असं कोणी विचारलं तर तिच्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. सुलतानपूरला तिची एक जुनी मैत्रीण होती, तिच्याकडे जायची. वांगी आणते म्हणून सकाळी निघायची आणि संध्याकाळी वांगी न घेता परत यायची. काच खाली, डोक्याला रुमाल, पाठ ताठ. आयुष्यभर इतरांच्या उशाशी उभी राहिलेली बाई आता बसून जग बघत होती. हे मला आता सुचतं. तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा चहाच्या टपरीवर कोणी म्हणे, "नर्सबाई निघाल्या रे, बकऱ्या बांधा," आणि सगळे हसत. त्यात मीही असे. मला स्वतःला मोटरसायकलच्या पुढे काही चालवता येत नव्हतं, तरी हसायला मी होतो.

मागच्या दिवाळीनंतर ताईचे दोन्ही गुडघे बदलायचं ठरलं. आधी उजवा, मग महिनाभरानं डावा. मुलीकडे राहायचं आणि होळीच्या आत परत यायचं. निघण्याच्या आदल्या दिवशी तिनं मला गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये नेलं. गाडी धुऊन, पुसून, उन्हात वाळवून आत लावलेली होती. पेशंट सोपवावा तशी तिनं ती मला सोपवली. टाकी भरून ठेवली होती, म्हणजे आत ओल धरत नाही. चाकांत हवा जास्त भरली होती. हँडब्रेक ओढायचा नाही, तो हिवाळ्यात धरून बसतो, म्हणून चाकांना विटा लावल्या होत्या. बॉनेटच्या आत कडुलिंबाचा पाला आणि कापडात बांधलेल्या डांबरगोळ्या. वरून जुन्या सुती साड्या जोडून शिवलेलं पांघरूण. प्लास्टिक टाकू नको, त्याच्याखाली दव साचतं, हे तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. आणि दर रविवारी साड्या काढून गाडी थोडा वेळ सुरू ठेवायची, नाहीतर बॅटरी बसते.

"गिअर मोकळा हाय का ते पाह्यजो, मंग किल्ली फिरवजो," ती म्हणाली. "बाकी तुले काही करा लागत नाही बापू."

सुरुवातीचे काही रविवार मी ते नीट केलं. गाडी थंडीत आधी खोकल्यासारखं करायची, मग धरायची. ताईचं उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. रविवारी सकाळी तिच्या साध्या बटणांच्या फोनवरून फोन यायचा. गुडघ्याबद्दल ती फार बोलत नसे. विचारायची, "सुरू केली का रे?" मी म्हणायचो, "हाव." एवढंच बोलणं.

मग कापूस आला. भाव पडलेला होता, म्हणून आम्ही विकला नाही. घरातली मधली खोली भरली, उरलेला अंगणात ताडपत्रीखाली ठेवला. एक दिवस दुपारीच आभाळ भरून आलं. हिवाळ्यातल्या त्या पावसाला आमच्याकडे सगळे घाबरतात. वेचणाऱ्या बाया, बायको आणि मी, सगळ्यांनी मिळून गाठोडी उचलायला सुरुवात केली. कोरडी जागा एकच होती, ते शेड.

बायको म्हणाली, "आवो, गाडी बाहेर काढा नं. चौघं मिळून ढकलू. लिंबाखाली उभी करू, साड्या हायेतच."

ढकलता आली असती. शेडपासून लिंबापर्यंत उतारच आहे. पण मी म्हणालो, "राहू दे. कोण चालवणार हाय आता ते."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि गाठोडं आत टाकलं. मग आम्ही गाडीच्या चारी बाजूंनी कापूस भरला, आणि जागा कमी पडली तेव्हा टपावरही टाकला. शेजारचा काका कुंपणाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काय मास्तर, नर्सबाईले गादी भरून देऊन राह्यले का?" सगळे हसले, मीही हसलो. पाऊस संध्याकाळी थोडा पडून गेला. कापूस वाचला.

ऊन पडल्यावर कापूस काढता आला असता. तो काढला नाही, कारण तो तिथं बरा होता. आणि कापसात इंजिन सुरू करणं म्हणजे आगीशी खेळ, त्यामुळे रविवारचं काम आपोआप बंद पडलं. फोन मात्र यायचा. ताईची साखर वाढली होती आणि डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं होतं. भाची मला वेगळा फोन करून सांगायची की आई चिडचिड करते, व्यायाम करत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहते. ते ऐकून मला वाईट वाटायचं, आणि त्याच्या आत कुठंतरी बरंही वाटायचं, कारण माझं म्हणणं खरं ठरत होतं. हे लिहिताना हात जड होतो, पण तसंच होतं.

"सुरू केली का रे?"

"हाव."

एका रविवारी ती म्हणाली, "आवाज ऐकव नं."

मी अंगणात उभा होतो. कापूस काढायला अर्धा दिवस लागला असता. खरं सांगायला काहीच वेळ लागला नसता. मी मोटरसायकल सुरू केली आणि फोन तिच्याजवळ धरला. थोडा वेळ थांबून बंद केली. ताईनं ते पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "बरं हाय. झाकून ठेव मंग." स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. ती आत निघून गेली आणि त्या दिवशी माझ्याशी कामापुरतंच बोलली.

संक्रांत झाली, भाव थोडा सुधारला आणि आम्ही कापूस विकला. शेड रिकामं झालं तशी गाडी दिसायला लागली. साड्या ओलसर, पिवळट डाग पडलेल्या. चाकं बसलेली. मी बॉनेट उघडलं. आत एक मोठं घरटं होतं. कापूस, सरकीची टरफलं, सीटमधला कुरतडलेला स्पंज आणि वायरींचे रंगीत तुकडे. सरकीच्या वासानं उंदीर आले होते आणि त्यांनी तिथं निवांत संसार केला होता. लिंबाचा पाला वाळून चुरा झाला होता. किल्ली फिरवली तर टिक्‌ असा आवाजही आला नाही.

त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. साखर आटोक्यात आली, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशनही झालं, आणि आई आता वॉकर धरून उभी राहते. म्हणते, होळीच्या आत गावात जायचं आणि गाडी काढायची. भाची हसत होती. मी "छान, छान" म्हणालो.

बायको म्हणाली, "मेहकरहून मेकॅनिक बोलवा, वायरी बदला, सीट शिवून घ्या. आणि सांगून टाका ताईंले." तिनं शेवटचं वाक्य वर न बघता म्हटलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मेकॅनिकनं सगळं दुरुस्त केलं असतं आणि ताई येऊन बसली असती. माझ्या आयुष्यात बऱ्याच गोष्टी अशाच निभावल्या आहेत. दोन दिवस मी फोन हातात घेत होतो आणि ठेवत होतो. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेला उभं राहून लावला.

"ताई, गाडी सुरू होत नाही."

"काऊन?"

पाऊस, कापूस, उंदीर, सगळं सांगितलं.  मी थांबल्यावर ती म्हणाली, "ते मोटरसायकल होती. मले त्याच दिशी समजलं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तू कव्हा सांगतं, ते पाहून राह्यली होती."

इथं थांबलो असतो तर पावसावर, उंदरांवर ढकलून मोकळा झालो असतो. तीही मोकळी झाली असती. पण तोंड उघडलंच होतं.

"पावसापायी नाही ताई. गाडी बाहेर काढता आली असती. घरची म्हणत होती, काढा म्हणून. मीच म्हटलं, कोण चालवणार हाय आता ते."

पलीकडे भाचीच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. 

"हे नसतं सांगितलं तं बरं झालं असतं," ताई म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्या रविवारी फोन आला नाही. मी लावला तर भाचीनं उचलला, आई झोपली म्हणाली. सकाळचे दहा वाजले होते. मेकॅनिक आला, त्यानं घरटं काढून उकिरड्यावर टाकलं, आणि माझ्याकडे न बघता काम केलं. नव्या वायरी टाकल्या, बॅटरी बदलली. गाडी सुरू झाली तेव्हा मी तिच्याजवळ उभा होतो आणि मला आनंद होत नव्हता.

मग एका संध्याकाळी ताईचाच फोन आला.  म्हणाली, "आज पायऱ्या उतरली. खालपर्यंत. कठड्याले धरून, पण उतरली."

मी म्हणालो, बरं झालं.

"मलेही तसंच वाटलं होतं बापू. भिंतीकडं तोंड करून पडली राहू तव्हा तेच वाटे, की झालं आता. म्हणूनच तं दर रविवारी इचारू तुले. तू हाव म्हणे, की मी उठून बसू." ती थांबली. "माह्या पायाबद्दल मी म्हणलं तं चालते. तू नाही म्हणायचं."

"हाव," मी म्हणालो. या वेळी ते खरं होतं.

"सीट शिवली का?"

"उद्या देतो."

"कव्हर पह्यलं होतं तशा रंगाचं पाह्यजो. भलतंच लाल आणू नको."

होळीच्या चार-आठ दिवस आधी ती आली. हातात काठी होती, पण चाल सरळ होती, आधीसारखी डोलत नव्हती. घरात न जाता ती शेडकडे गेली. गाडीला एक चक्कर मारली, दार उघडून वाकून आत वास घेतला आणि म्हणाली, "उंदराचा वास येऊन राह्यला अजून." बायकोनं दुसऱ्याच दिवशी सगळी दारं उघडून गाडी उन्हात ठेवली. त्या दोघी गाडीशेजारी बाजेवर बसून लसूण सोलत होत्या. काय बोलत होत्या ते मी विचारलं नाही. अधूनमधून हसण्याचा आवाज येत होता, आणि तो माझ्यावरच असणार.

ताई पहिल्यांदा चालकाच्या जागेवर बसली तेव्हा क्लच तिच्यानं दाबला गेला नाही. डावाच गुडघा तो. तिचा चेहरा पांढरा झाला. मी खिडकीजवळ उभा होतो, आणि काहीतरी समजुतीचं बोलायला माझं तोंड उघडलं होतं. मी ते बंद केलं. ती उतरली, घरात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येऊन बसली. गुडघा वाकवायचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितलाच होता. घरात खुर्चीवर करण्याऐवजी ती तो उभ्या गाडीत करू लागली. इंजिन बंद, काच खाली, पाय क्लचवर. दाबायची, सोडायची. बायको खिडकीतून चहा द्यायची. टपरीवरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हे दिसत होतं. एकजण मला म्हणाला, "मास्तर, बाईची गाडी लई चालते हो, जाग्यावरच." मी त्याला म्हणालो की ती व्यायाम करते आहे, महिन्याभरात रस्त्यावर दिसेल. माझ्याकडून इतकं लांब वाक्य त्यानं कधी ऐकलं नसावं. तो "असं का" म्हणाला आणि गेला.

डॉक्टरांनी फोनवर हो म्हटल्यावर, पाडव्यानंतरच्या एका सकाळी, ताईनं मला शेजारी बसायला सांगितलं. गाडी अंगणातच एकदा बंद पडली. दुसऱ्यांदा फाटकातून निघाली. गल्लीतून पहिल्या गिअरमध्ये, मग दुसऱ्या, गावाबाहेर डांबरी रस्त्याला लागेपर्यंत मी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. हरभरा निघून गेलेला, गहू कापायला आलेला. समोरून एक ट्रॅक्टर आला. तिनं गाडी कडेला घेतली, त्याला जाऊ दिलं, आणि पुन्हा निघाली.

पुलापर्यंत जाऊन परत फिरायचं असं ठरलं होतं. पूल आला आणि मागं गेला. तिनं गाडी फिरवली नाही. मी तिच्या पायाकडे पाहिलं, ती रस्त्याकडे पाहत होती.

"दुखते का?" मी विचारलं.

"दुखते नं," ताई म्हणाली, आणि तिसरा गिअर टाकला.