एका बाजूची मोटर

दुधरामची नजर अधू झाली तेव्हा गोंदियात मोटरींना रंग देणारा दुसरा भरवशाचा माणूस नव्हता. लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बांधलेल्या प्रवासी मोटरी त्यानेच सजवल्या होत्या. त्याच्याजवळ बसून तेलात पूड घोटता घोटता त्याची बायको तुलसा रंगात तरबेज झाली होती. तिने ब्रश उचलला. लोक हसले, पण तिची सरळ रेघ पाहून काम देऊ लागले.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी बिसनलाल शेठने नवी मोटर बांधून घेतली. महाशिवरात्रीला तिकडच्याच प्रतापगडच्या महादेवाच्या यात्रेसाठी ती सोडायची होती. तुलसाने तिला हिरवा रंग दिला. आरशासारखा उतरला. आणि यात्रा तोंडावर आली असताना उजव्या बाजूला फोड आले, देवी आल्यासारखे, खालपासून वरपर्यंत.

बिसनलाल आला, बोट फिरवून म्हणाला, "मी म्हनलोच होतो. बाईच्या हातचा रंग."

"डाव्या बाजूलेबी हेच हात होते," तुलसा म्हणाली. "तिकडं काऊन नाई आले?"

कारण तिलाही ठाऊक नव्हतं, पण ते ती शोधणार होती. डबा तोच, तेल तेच, ब्रश तोच. म्हणजे खोट रंगात नव्हती. तिने सुरीच्या टोकाने एक फोड उघडला. अस्तरासकट, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या हातासकट, साल निघाली, खाली उघडा पत्रा, आणि त्यावर ओल.

दुधरामने तिथे बोट टेकवलं. "पानी हाय, तुलसा. रंगाच्या आधीपासून."

"पानी येईल कुठून? मोटर तर छपराखाली होती."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या बेतात ती छपरात जाऊन बसली. उजव्या अंगाला बांबूच्या तट्ट्याची भिंत, भिंतीपलीकडे तांदळाची गिरणी. थोड्या वेळाने उकड्या तांदळाची कढई पेटली, वाफ तट्ट्यातून आत झिरपू लागली आणि थंड पत्र्यावर बसली. डोळ्यांना ती ओल दिसेना. तुलसाने पदर फिरवला, तो ओला झाला. उजव्या बाजूचं अस्तर तिने सकाळीच मारलं होतं, डाव्या बाजूचं दुपारी. ती मोठ्यानं हसली.

मोटर ढकलून मोकळ्या वावरात नेली. उजवी बाजू पार पत्र्यापर्यंत खरवडली, उन्हात तापू दिली, कोरड्या फडक्याने पुसली, आणि ऊन वर चढल्यावरच शेंदरी अस्तर लावलं. आता ते पुरतं वाळल्याशिवाय वरचा हात द्यायचा नव्हता.

बिसनलाल कासावीस झाला. "यात्रा उद्या परवावर आली. वरून हिरवा मारून दे ना, कोन पाह्यते?"

"मारून देतो. मंग प्रतापगडाच्या रस्त्यानं सालपटं उडतील, आन् लोक म्हनतील तुमची मोटर सोललेली हाय," ती म्हणाली. "असीच न्या. पत्र्याले अस्तर हाय, गंजत नाई."

"एक बाजू हिरवी, एक लाल?"

"मले लाज नाई वाटत. तुमाले वाटत असन तं नका नेऊ."

शेठने नेली. वाटेतल्या मोरगावपुढे यात्रेकरूंनी ती पाहिली आणि कुणीतरी म्हणालं, "अर्धनारीची मोटर आली." झालं, महादेवाच्या दर्शनाला जाणारे आपण होऊन त्याच मोटरीत चढू लागले. बिसनलाल परतला तो खुशीत.

"आता राहू दे असीच," तो म्हणाला. "लोकायले आवडून राहिली."

"नाई. अस्तर म्हनजे घरातला कपडा. त्यावर मोटर गावोगाव फिरवू देनार नाई मी." आणि तिने उजवी बाजू हिरवी करूनच सोडली, भर दुपारी, दुधरामला शेजारी बसवून, प्रत्येक हाताआधी त्याचं बोट पत्र्यावर टेकवून.

पुढे आमगावहून, तिरोड्याहून मोटरी तिच्याकडे येऊ लागल्या. ती छपराच्या तोंडाशीच सांगायची, "सकाळी रंग भेटनार नाई." घाई असणारे परत जात, आणि बहुतेक पुन्हा येत. दुधराम गेल्यावरही तिने काम सोडलं नाही. ओल तपासायला मात्र ती स्वतःचं बोट वापरू लागली, आणि ते चुकलं असं कुणी कधी ऐकलं नाही.