मंजुरीसाठी दुसरं माणूस

पनवेलजवळ करंजाड्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये कधी कधी अख्ख्या दिवसात तोंडातून निघालेले शब्द म्हणजे डिलिव्हरीवाल्याला सांगितलेला ओटीपी. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आई-बाबा साताऱ्याकडे गावी परत गेले, कंपनीने बेलापूरचं ऑफिस सोडून दिलं, आणि मी लॅपटॉप घेऊन घरात उरले. शेजारी वाईट नाहीत. लिफ्टमध्ये भेटले की मोबाइलमध्ये बघतात. मीही बघते.

आमची छोटी कंपनी पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट पेशंटच्या फोनवर पाठवणारं सॉफ्टवेअर बनवते. टीम गावोगावी विखुरलेली, पण सगळ्यांचा कोड इंटरनेटवर एकाच साइटवर ठेवलेला. तुम्ही आपल्या पुरता वेगळा फाटा काढून बदल करायचे आणि मग ते मूळ कोडात मिळवायची विनंती करायची. ती मंजूर झाली की साइट पुढचं सगळं आपोआप करते. थोड्या वेळात तुमचं काम लॅबमध्ये चालू झालेलं असतं. अट एकच. मंजुरी दुसऱ्या कोणीतरी द्यायची. स्वतःच्या कामावर स्वतःच शिक्का मारू पाहिलात तर साइट बटणच देत नाही.

नव्या पोरांना या अटीचा वैताग यायचा. मला ती जिवापाड आवडायची. त्या अटीमुळे जगात एक माणूस रोज माझं लिहिलेलं ओळ न् ओळ वाचत होता. दुसरं कोण वाचणार होतं? घरचे फोनवर जेवलीस का एवढंच विचारतात.

टीम हळूहळू गळत गेली आणि शेवटी आम्ही दोघंच राहिलो. तो माझ्यापेक्षा लहान, सानपाड्याला राहणारा. आमची कधी भेट झाली नाही. फोन नंबरही घेतला नव्हता, लागलाच नाही. मी लिहायचे, तो वाचायचा. तो लिहायचा, मी वाचायचे. त्याचं मराठी अगदी शाळेच्या पुस्तकातलं, न-ण सगळं जागच्या जागी. पण खवट!

"ताई, या फंक्शनचं नाव 'बघू नंतर' का आहे?"

"कारण ते नंतर बघायचंय."

"नंतर म्हणजे या जन्मात का?"

मी एकटीच मोठ्याने हसायचे आणि नाव बदलायचे. मग तो मंजुरी द्यायचा, आणि मला दिवस कारणी लागल्यासारखं वाटायचं.

एका शुक्रवारी दुपारी मी एक मोठा बदल मंजुरीसाठी टाकला. लॅबवाले त्याची वाट बघत होते. त्याने अर्धाअधिक वाचला, दोन ठिकाणी टोकलं, आणि खाली लिहिलं, "ताई, सांभाळा. येतो."

मला वाटलं, चहाला गेला. मीही चहा ठेवला. चहा पिऊन झाला, कपडे वाळत घालून झाले, तरी मंजुरी नाही. सांभाळा म्हणजे काय ते मला कळेना. बहुतेक त्या टोकलेल्या दोन जागा सांभाळा असेल, असं समजून मी त्या नीट केल्या. संध्याकाळी लॅबला कळवलं, सोमवारी देते. आमचा माणूस आलाच एवढ्यात, असंही वर सांगितलं.

सोमवारी टीमच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. पुण्याला साहेबांना फोन केला.

"अगं, शुक्रवारी लास्ट डे होता ना त्याचा," साहेब म्हणाले. "तुला बोलला नाही?"

"बोलला," मी म्हटलं. "येतो म्हणाला."

निघताना 'जातो' म्हणू नये हे मला लहानपणापासून पढवलेलं. कोणी उंबऱ्यात 'जाते' म्हणालं की आजी "जाते नाही गं, येते म्हण" असं दटावायची. घरात आलेला प्रत्येक पाहुणा 'येतो' म्हणूनच जातो, आणि त्यांची वाट बघत कोणी चहा धरून बसत नाही. मी बसले. एवढं साधं मराठी मला कळू नये याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

साहेबांनी मार्ग काढला. "ती अट काढून टाक. तू सिनियर आहेस, तुला कोण चेक करणार?"

त्यांनी कौतुकानेच म्हटलं असावं. मी सेटिंगमध्ये जाऊन अटीसमोरची बरोबरची खूण काढली. साइटने विचारलं, नक्की ना? नक्की गं बाई, म्हटलं, मंजुरीला दुसरं आहे कोण? आणि माझा बदल लॅबमध्ये गेला. विनाअडथळा, विनातक्रार.

त्यानंतर सगळं असंच जाऊ लागलं. एकदा मी कोडात मधेच एक ओळ टाकली, 'कोणी वाचतंय का?' अशा ओळी संगणक वगळून पुढे जातो, त्या माणसांसाठीच असतात. ती ओळ अजून तिथेच आहे. कोणी काही विचारलेलं नाही.

मग एका दुपारी जुन्या चर्चा चाळताना मी त्याच्या नावावर क्लिक केलं. कंपनीतून नाव गेलं तरी माणसाचं स्वतःचं पान साइटवर राहतं. तिथे सगळ्यांना बघता येईल असं एकच काम होतं: बेलापूरजवळच्या दिवाळे या कोळीवाड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं छोटं पान. मोठाल्या अक्षरांत वेळ आणि खाली एक शब्द. मोठी भरती असेल तर 'आज उधान', लहान असेल तर 'आज भांग'.

मी सगळा कोड वाचून काढला. किती दिवसांनी त्याचा हात दिसत होता! चूक मात्र एकच सापडली. हावरटासारखी मी ती तिथल्या तिथे लिहून कळवली: "उधान नव्हे, उधाण. ण हवा."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

"ताई, ती चूक नाय. आमच्या दिवाल्यात उधानच म्हनतात. आयसाठी बनवलंय. ती मासली विकते, तिला तिच्या तोंडचाच शब्द पायजे. पन तुमी वाचलंत, बरं वाटलं. इतक्या वर्सांत इथं कोनी कायच लिवलं नव्हतं."

त्याचं हे बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. इतकी वर्षं तो माझ्याशी ण सांभाळून बोलत होता, आणि मी पहिल्याच भेटीत त्याच्या आईचा शब्द सुधारायला गेले. शरम वाटली. आणि त्याचंही पान कोणी उघडत नव्हतं हे वाचून, खरं सांगते, वाईट वाटायच्या आधी मला बरं वाटलं.

त्याच्या उत्तराखाली साइटने नोंद केली होती: चर्चा बंद केली. त्याचं काही चुकलं नाही. चूक नव्हतीच, तर ती उघडी कशाला ठेवायची?

बंद झालेल्या चर्चेतही लिहिता येतं. कसा आहेस, नवीन नोकरी कशी आहे, हे विचारायला जागा होती. मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. आम्हाला ती सवयच नाही. आम्ही एकमेकांशी आजवर फक्त चुकांवर बोललोय.

म्हणून काम आटोपलं की मी त्याचं ते पान उघडते आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासते. एखादी चूक हवी आहे मला, अगदी बारकी चालेल. मेला इतकं नीट काम करतो की सापडत नाही.