काखेत कोंबडी घेऊन

“घाबरतेस कशाला गं? देव काय मार्क द्यायला बसलाय?” असं म्हणत ताई पाठीत एक धपाटा घालायची. तुम्ही कधी वसतिगृहात राहिला असाल, तर असा धपाटा घालणारं माणूस तुम्हालाही भेटलं असेल.

माझे वडील बोईसरच्या कारखान्यात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. चर्चची पाळक होण्यासाठी एम. डिव्ह.ला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पदवीला गेले, तेव्हा वर्गात हात वर करायचीही मला भीती वाटायची. वसतिगृहातली ही ताई माझ्या पुढच्या वर्गात होती. मासवणकडच्या डोंगरातली. भात काढून झालं की तिचे आईवडील वीटभट्टीवर जायचे.

रविवारच्या सेवेसाठी आम्हा दोघींना बोईसरच्या चर्चची एकच मंडळी मिळाली होती. चाळींतल्या घरभेटींना ती पुढे, मी मागे. कुणाकडे गेली की ती आधी हातात काम ओढून घ्यायची. वाल सोलायची, नाहीतर रडकं मूल कडेवर घ्यायची. हात चालू झाले की तोंडही चालू. “आदी चाय ठेव, मग देवाला हाक मारू.” उत्तरेकडच्या एका आजारी कामगाराला तिने दटावलं होतं, “भैया, तुमी झोपून ऱ्हा, प्रार्थना आमी करतो.” त्याला मराठी कळलं की नाही कोण जाणे, पण तो मुकाट पडून राहिला.

हीच ताई व्यासपीठावर मात्र मुकी व्हायची. उपदेशाच्या परीक्षेत पहिल्यांदा ती नुसती पाण्याचा पेला धरून उभी राहिली आणि नापास झाली. दुसरी संधी शेवटची होती. ती हुकली तर पदवी नाही, पाळकपदही नाही. मंडळीचे जुने पंच, आम्ही त्यांना काका म्हणायचो, तिच्यादेखत म्हणाले, “बाई माणूस घरोघरी फिरायला बरं. व्यासपीठ वेगळं.” ताई हसली. बाहेर जिन्यावर मला म्हणाली, “खरं बोलले ते. तिथं हात कुठं ठेवू, तेच समजत नाय मला.”

परीक्षा आली ती कापणीच्या सणाला. त्या रविवारी आमच्याकडे लोक आपल्या पिकातलं पहिलं काहीतरी आणून वाहतात, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. व्यासपीठाखाली भाताच्या लोंब्या, केळव्याचे नारळ, मुरबे गावचे सुके बोंबील आणि पाय बांधलेली एक तांबडी कोंबडी. परीक्षक म्हणून आलेले सर मागच्या बाकावर बसले होते. ताईने तोंड उघडलं. शब्दच फुटेना. मी मान खाली घातली. काकांनी घसा खाकरला.

तेवढ्यात कोंबडीच्या पायाचा दोरा सुटला. नारळांवरून फडफडत ती थेट व्यासपीठावर! पोरं खिदळली, काका झाडू घेऊन धावले.

“बसा काका! मारू नका तिला, अंडी देणारी हाय ती,” ताई म्हणाली. पंख धरून तिने कोंबडी अलगद काखेत घेतली आणि तशीच बोलायला लागली.

“नवा भात शिजला की आई पयली वाटी शेजारी द्यायची. आमी भुकेले बघत बसायचो. लय राग यायचा मला. मग एका वर्षी आमचं भात पाण्यात गेलं. त्या वर्षी शेजारीण आपली पयली वाटी घेऊन आमच्या दारात आली. देवाला दिलेलं जातं कुठं, असं कुणी विचारलं तर मी ते दार दाखवते.”

अशीच ती बोलत राहिली. कोंबडीसुद्धा गप्प होती. मागे वळून पाहिलं, तर सरांनी पेन खाली ठेवलं होतं.

उपासनेनंतर उपदेश देणारा दाराशी उभा राहून एकेकाचा हात हातात घेतो. त्या दिवशी रांग हलता हलेना. सर म्हणाले, “निकाल नंतर सांगायची पद्धत आहे. पण राहवत नाही. पास झालीस!” सगळ्यांत शेवटी काका आले. “बाई, आमच्या हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन हाय. प्रार्थना तुमीच करा.”

“करते की. ही धरा जरा,” म्हणत ताईने कोंबडी त्यांच्या हातात दिली. दोघांनी डोळे मिटले.

आता ताई डोंगरातल्या एका मंडळीची पाळक आहे, आणि बोईसरच्या त्या दाराशी मी उभी असते. लोक माझा हात हातात घेतात आणि विचारतात, “आमच्या पाळकबाई कशा हायत?”

सगळ्यांत आधी काका विचारतात.