फाट्यावरची बोराटी

निवृत्तीनंतर माझं शेवटचं पोस्टिंग पेठ तालुक्यातल्या जंगलातल्या एका डोंगरवाटेवर झालं. ऑर्डर कुणी काढली नव्हती. पगार नाही, रजा नाही, गुडघे मात्र दोन्ही गेलेले. मी इंजिनिअर्सचा सुभेदार. चोवीस वर्षं डोंगरात रस्ते काढले, मग घरी बसून करणार काय?

दर रविवारी सकाळी सहाला आम्ही तिघं जमायचो. मी, माझ्याच कंपनीतला नाईक दत्तू आणि पायथ्याच्या पाड्यावरचा काशिनाथ. दत्तू सिन्नरहून आदल्या दिवशीच मुक्कामाला यायचा. कारवी छाटायची, उखडलेले दगड बसवायचे, वळणावर चुन्याचे बाण काढायचे. पुढच्या पावसात सगळं पहिल्यासारखं. नावं ठेवायला पुष्कळ लोक होते, पहार उचलायला कुणी नव्हतं. खरं सांगतो, कंटाळा यायचा.

त्या रविवारी नाचणीच्या कापणीमुळे काशिनाथला उशीर होणार होता. साडेसातला आम्ही दोघं फाट्यावर पोहोचलो. डाव्या वाटेवर बोराटीची काटेरी फांदी आडवी पडलेली.

"साहेब, कुणी मुद्दाम टाकलेली दिसते," दत्तू म्हणाला.

"कचरा आहे. उचल."

"जी साहेब."

दत्तू फाट्यावर पाण्याचा चर खणत राहिला, मी वर पायऱ्या बसवायला गेलो. दोघांकडे वॉकीटॉकी होते. नऊ वाजून दहा मिनिटांनी काशिनाथ शेतातून आडवाटेने थेट माझ्याकडे आला.

"फाट्यावर बोराटी टाकलीय परवा. पाहिली ना, सुभेदार? पुढं कडा खचलाय, वाट नाय राहिली."

आडवी बोराटी म्हणजे वाट बंद. पाड्यावरच्या सगळ्यांना हे ठाऊक. चार वर्षं तिथे राबत होतो, पण मी कधी विचारलं नव्हतं. मी बटण दाबलं.

"दत्तू, डावीकडून कुणी गेलं?"

"पाच ट्रेकर गेले, साहेब. आत्ताच."

"थांबव. पुढे कडा खचलाय."

"जी साहेब."

त्याने त्यांना कड्यापाशी गाठलं. जागा अरुंद. पाचांना आतल्या अंगाने परतवायला तो स्वतः दरीच्या बाजूला उभा राहिला. फौजेत अरुंद वाटेवर खेचरं वळवताना आम्ही तसेच उभे राहायचो. नऊ पंचवीसला त्याचा आवाज आला, "पाचही मागे आले, साहेब."

त्यानंतर माती सरकली, हे त्या पाचांनी सांगितलं. आम्ही उतरलो तेव्हा दत्तू चाळीस फूट खाली होता. श्वास नव्हता.

दत्तू गेल्याचं सांगायला सिन्नरला त्याच्या घरी मीच गेलो. फांदी उचलायची ऑर्डर माझी होती, हेही वहिनींना सांगितलं. खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "त्यांच्या नजरेतून काय सुटायचं नाय, साहेब. फांदी बघून ते काहीच बोलले नाय?"

"बोलला होता, वहिनी," मी म्हणालो. "मी ऐकलं नाही."