विहिणीचं प्रस्थान

आमचे व्याही-विहीण फिरायला युरोपात चालले, ही बातमी मला माझ्याच मुलीनं फोनवर दिली. मी अजून ती गिळते आहे तोच तिनं पुढचं विचारलं, "आई, इंग्लंडहून स्पेनला गाडी बोटीनं नेऊ का रस्त्यानं? तू पाहून सांग न. भूगोल तुझा आहे."

भूगोल माझा होता हे खरं. सौंसरच्या शाळेत मी जन्मभर तोच शिकवला. नकाशावर ओला दोरा वळणावळणानं लावायचा, मग तो सरळ करून पट्टीवर मोजायचा आणि नदीची लांबी काढायची, हे मी किती पिढ्यांना शिकवलं कोण जाणे. एवढा दोरा फिरवूनही मी स्वतः समुद्र पाहिला तो एकदाच, शाळेच्या सहलीत, आणि तोही मुलींच्या चपला सांभाळत. आता समुद्र ओलांडणार होत्या आमच्या विहीणबाई, ज्यांना पांढुर्ण्याहून नागपूरला जातानासुद्धा खिडकीची जागा लागते आणि बसल्याबरोबर झोप लागते.

मला हेवा वाटला. थोडाथोडका नाही. त्या दिवशी चहात साखर घातली की नाही तेही मला कळलं नाही.

बेत असा होता. मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये नोकरी करतात. वसंतात सुट्टी काढून ते मोटारहोम भाड्यानं घेणार होते. मोटारहोम म्हणजे ज्यात ओटा, पलंग, संडास सगळं आहे असं चाकावरचं घर. ते घेऊन स्पेनमध्ये व्हॅलेन्सियापर्यंत जायचं. त्या घरात झोपायला जागा पुष्कळ, पण चालत्या गाडीत पट्टा लावून बसायच्या जागा चारच. दोन त्यांच्या आणि दोन जावयाच्या आईवडिलांच्या.

"पुढच्या खेपेला तुम्ही," मुलगी म्हणाली.

व्हॅलेन्सिया हा संत्र्यांचा मुलूख. सौंसरच्या शिवारात आमची संत्र्याची बाग आहे. ह्यांनी तिच्यात उभा जन्म काढला. कोणत्या झाडाला पाणी कमी पडलं ते हे लांबून पान पाहून सांगतात. आणि तो मुलूख पाहणार कोण, तर सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आमचे व्याही, ज्यांना संत्रं सोलून दिलं तरी बी थुंकायला वाटी लागते. गाढवाला गुळाची चव काय, असं मी ह्यांना म्हटलंसुद्धा.

हे बागेतून आले होते. आंबिया बहाराची फळं बोराएवढी धरली होती आणि ऊन तापायला लागलं होतं. पाय धुता धुता म्हणाले, "अवं, पोरगी दिली त्याईले. मुलीवाल्यानं मांगाचं नसते."

"मी मागून राहिली का? मी बोलून राहिली फक्त."

"बोलू बी नोको. तुले रस्ता इचारला न तिनं? मंग रस्ता सांग."

आमचं सौंसर मागे राहून शेजारचा, व्याह्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा सौंसरकरांच्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून पुरतं थांबलेलं नाही. मी त्या दुखण्याला हसत असे. आता माझं मलाच उमगलं. कलेक्टर त्यांचा, कचेऱ्या त्यांच्या, वर मुलगीही त्यांचीच.

तरी मी जुना ॲटलास काढला आणि दोरा ओला केला. एक वाट अशी की इंग्लंडच्या टोकाशी डोव्हरला जायचं, बोटीत गाडी घालायची, दीडेक तासात फ्रान्समध्ये कॅलेला उतरायचं आणि मग अख्खा फ्रान्स उभा चिरत खाली स्पेनमध्ये शिरायचं. दुसरी वाट अशी की पोर्ट्समथला मोठ्या बोटीत चढायचं, दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस समुद्रात काढायचा आणि थेट स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर सांतान्देरला उतरायचं. पहिलीत स्टिअरिंगवर बसणं फार, दुसरीत फार थोडं. फ्रान्समध्ये गाड्या उजव्या बाजूनं चालतात आणि मुलीची गाडी इंग्लंडची, म्हणजे चालवणारा रस्त्याच्या कडेला बसणार आणि पुढची गाडी ओलांडताना समोरून येणारं काही दिसणार नाही. बोटीत मात्र गॅस बंद करून गाडी तळघरात ठेवायची आणि सगळ्यांनी वर केबिनमध्ये जायचं. समुद्रात असेपर्यंत गाडीकडे फिरकू देत नाहीत.

मुलीची जेवणाची सुट्टी म्हणजे आमची चहाची वेळ. लग्नानंतर तिचे फोन रविवारपुरते झाले होते, तेही "बरी आहे, जेवली का, ठेवू का" एवढेच. आता ती रोज फोन करू लागली. मी टोलनाक्यांबद्दल सांगायची, ती गाडीच्या उंचीबद्दल. बोलता बोलता कामावरचं निघायचं, तिकडच्या थंडीचं निघायचं, जावई घोरतात तेही निघायचं. एकदा ती डबा खाता खाता इतकी हसली की तिला ठसका लागला आणि इकडे मीच पाण्याचा पेला उचलला.

म्हणून मी काय केलं, तर वाट ठरू दिली नाही. डोव्हर आणि पोर्ट्समथ दोन्ही चांगल्या आहेत म्हटलं, पण मधली एक पाहू. मग फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर रात्रीत पोचवणारी बोट काढली. तिचा निकाल लागायला आला तेव्हा फ्रान्स आणि स्पेनच्या मधला पर्वत उजवीकडून ओलांडायचा की डावीकडून हा प्रश्न काढला. हे म्हणाले, "तू तं पोरीले पृथ्वीप्रदक्षिणा कराले लावशीन." मला पृथ्वी चालली असती.

शेवटी मुलगीच एक दिवस थकल्या आवाजात म्हणाली, "आई, खरं सांग. रस्त्यानं गेलो तर अर्धी गाडी मला चालवायची आहे. मला भीती वाटून राहिली."

खरं उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बोट. पण बोटीत समुद्रावर फोन लागत नाही. रस्त्यानं गेले असते तर ती दर थांब्यावर फोन करणार होती. बोटीत माझी मुलगी एका केबिनमध्ये विहीणबाईंच्या शेजारच्या बर्थवर आणि मी सौंसरला गप्प फोनसमोर. हे सगळं एका श्वासात माझ्या मनात येऊन गेलं. मग मी म्हटलं, "बोटीनं जा. बिस्केचं आखात जरा खवळतं, पोटाची गोळी घेऊन ठेव."

एवढं मन मारून सांगितलं, तर विहीणबाईच आडव्या आल्या. हवी तशी केबिन गुरुवारच्या बोटीत होती. पोर्ट्समथहून सांतान्देर दक्षिणेला. आणि गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल. त्यांच्या घरी त्या वारी त्या दिशेला कोणी शेजारच्या गावालाही जात नाही, मग समुद्र तर दूरच. त्यांनी मला फोन केला.

"बाई, मले सांगा, ते बोट जराशी तिरपी नाही जात का?"

"जाते थोडी पश्चिमेला."

"मंग दक्षिण मोडली न?"

"नाही मोडत. सांतान्देर खालीच आहे."

"मंग रस्त्यानंच जाऊ आमी. रस्ता कोनत्याबी वारी सुटते."

पाहा, देव कसा देतो. मी काही न करता माझ्या मनासारखं होत होतं. त्यांच्याच पंचांगानं त्यांना रस्त्यावर आणलं होतं आणि मला दर थांब्याचे फोन मिळणार होते. एक अख्खी दुपार मी खुशीत होते. चहाच्या वेळी मुलीचा फोन आला. ती रडत नव्हती, पण नाक ओढत होती. "आई, मम्मी ऐकून नाही राहिल्या. तूच काही कर." सासूला ती मम्मी म्हणते. आई मला म्हणते.

मग मी केलं. विहीणबाईंना फोन लावून म्हटलं, तुम्ही प्रस्थान ठेवा. आमच्याकडे पूर्वी हे सर्रास चालायचं. निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. मी म्हटलं, मंगळवारी तुमची बॅग आमच्याकडे आणून ठेवा, नागपूरला विमानाला जाताना उचला. एकदा प्रस्थान ठेवलं की पुढचे सगळे टप्पे त्याच प्रवासात मोडतात, गुरुवारची बोटसुद्धा. हे शेवटचं मी ठोकून दिलं.

त्या विचारात पडल्या. "पन बाई, प्रस्थान जायाच्या दिशेनं ठेवा लागते. विमान मावळतीले जाते आन् सौंसर तं आमाले उगवतीले आहे."

मी जन्मभर जे शिकवलं ते इतकं कामाला कधी आलं नव्हतं. म्हटलं, "विहीणबाई, पृथ्वी गोल आहे. सौंसरवरून सरळ उगवतीला जात राहिलं तरी इंग्लंड लागतंच."

"लागते?"

"लागतं."

"तुमी म्हनता तं लागत असन."

मंगळवारी जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन त्या आल्या. व्याह्यांनी भली मोठी लाल बॅग ओढत आणली आणि आमच्या बैठकीत भिंतीला टेकवली. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं. मी मुलीच्या सासूचा मान ठेवला, हळदकुंकू लावलं, ओटी भरली, सांबारवड्या म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या तळल्या. त्यांनी बॅगेला अक्षता वाहिल्या. जेवताना त्या मोठ्या उत्साहानं सांगत होत्या की सुनेनं त्यांच्यासाठी गरम मोजे घेऊन ठेवले आहेत. मी वाढत होते. त्यांच्या ताटात वडी टाकताना जरा जोरातच पडली असेल.

ते गेले, बॅग राहिली. मी तिच्याभोवतीनं झाडलं, तिच्यावरची धूळ पुसली. तिला कुलूप होतं, आणि नसतं तरी मी उघडली नसती. पण येता-जाता तिच्याकडे पाहून माझा जळफळाट व्हायचा. त्या बॅगेलासुद्धा माझी मुलगी भेटणार होती. ती चाकं लावलेली पेटी तिच्या घरी जाऊन तिच्या पलंगाखाली सरकणार होती. ह्यांनी एकदा मला तिच्यासमोर उभी पाहिलं आणि पंखा माझ्या बाजूला वळवला.

बॅग गेली, विमान गेलं आणि गुरुवारही आला. बोट सुटायच्या आधी मुलीनं घाईत फोन केला. "आई, गाडी आत घातली. तू म्हटल्याप्रमाणे गॅस बंद केला. आता फोन नाही लागणार, काळजी नको करू." मागून विहीणबाईंचा आवाज येत होता, समुद्र पाहून त्या रामनाम घेत होत्या. मग फोन बंद.

शुक्रवार कसा गेला ते मी सांगत नाही. दोघी आता चहा पीत असतील, दोघी आता खिडकीतून पाणी पाहत असतील, एवढंच दिवसभर माझ्या डोक्यात. ह्यांनी बागेत चल म्हटलं, गेले नाही. फोनवरच्या नकाशात त्या बोटीचं ठिकाण दिसतं म्हणतात, मी तेही पाहिलं नाही. पाहून काय, ती जिथे होती तिथे मी नव्हते.

शनिवारी फोन वाजला तो मुलीचा नव्हता, विहीणबाईंचा होता. "काय झालं तिला?" मी आधीच विचारलं.

"घाबरू नोका," त्या म्हणाल्या. "उतरलो आमी. बरी आहे ते आता, झोपली आहे गाडीत. पन रात्र लय वाईट गेली बाई. समुद्र असा उसळून राहिला होता का काही सांगू नोका. आमाले दोघाईले काहीच नाही झालं, जावई तुमचे ढाराढूर, आन् हे पोरगी नुसती ओकून राहिली. घेतलेली गोळी बी उलटीत पडली. म्या तिचं डोस्कं मांडीवर घेतलं, सकाळवरी कपाळ धरून बसली."

मी म्हटलं, "फार उपकार झाले तुमचे."

"उपकार काहाचे? सून आहे माही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक सांगू? सांगाचं नव्हतं, पन सांगतो. ते सारखी तुमचंच नाव घेऊन राहिली होती. माया आईले बोलवा, माया आईले बोलवा. म्या म्हटलं, बाई, भर समुद्रात कुठून आनू तुया आईले? म्या एवढं केलं, आन् तिले तुमीच पायजे होत्या. खरं सांगतो, मले तुमचा हेवा वाटला."

इतके दिवस ज्या बाईच्या जागेसाठी मी जळले, ती समुद्रापलीकडून माझ्या जागेसाठी जळत होती. खरं तर मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. मग डोळ्यांपुढे त्यांची मांडी आली आणि त्यांचा हात.

त्या रात्री तिनं नाव माझं घेतलं आणि कपाळावर हात त्यांचा होता. मला विचारलं असतं तर मी नाव त्यांना देऊन टाकलं असतं आणि तो हात मागून घेतला असता.